उभ्या गाडीचा एसी

गाडीची किल्ली आईच्या कमरेला होती आणि ती मागायची बाबांची छाती नव्हती.

मागच्या मे महिन्यात बाबांना ऊन लागलं. ऊन लागणं हा शब्द फार सोज्वळ आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, माणूस सावलीत बसला असेल, पन्हं प्याला असेल, संध्याकाळी बरा झाला असेल. बाबांना चार जणांनी पिकअपच्या केबिनमधून ओढून काढलं तेव्हा अंगाला हात लाववत नव्हता, आणि दवाखान्यात पहिला अख्खा दिवस ते मला आत्याच्या नावानं हाक मारत होते. डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलं, "एकदा असं झालं की शरीर कच्चं राहतं. पुढच्या उन्हाळ्यात तापलेल्या केबिनमध्ये बसलात तर परत माझ्याकडं येऊ नका, आणलं तरी उपयोग होणार नाही." बाबांनी मान हलवली. माझे बाबा डॉक्टरपुढं मान हलवतात आणि बाहेर आल्यावर तंबाखू मळतात.

नेमकं काय झालं होतं, हे ते एका वाक्यात सांगायचे. वाळूजला गाडी चालवता चालवता डोळ्यापुढं अंधारी आली, गाडी कडेला घेतली. पावसाळा गेला, हिवाळा गेला, ते गाडी चालवत राहिले, आणि कुणीही त्या वाक्याला दुसरा प्रश्न विचारला नाही. मीही नाही. प्रश्न विचारणं हा माझा धंदा असून.

फेब्रुवारी सरता सरता शेजारच्या पत्र्यावर कुरडया वाळायला लागल्या. त्या दिवशी आईनं किल्ली काढून घेतली.

"केबिन गार करा, मग चालवा," ती म्हणाली. "नायतर ऱ्हाऊ द्या उभी. कोंबड्या तरी बसतील तिच्यात."

"अगं, मला दुसरं काय येतंय?"

"जित्तं ऱ्हायला शिका आधी."

आई शाळेत पोषण आहार शिजवते. दोनशे पोरांची खिचडी उतरवणाऱ्या बाईशी वाद घालता येत नाही. बाबा रोज सकाळी उठून उभी गाडी धुवायला लागले. चालवायची नाही तर धुवायची कशाला, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "धूळ बसती." आठवडाभरात त्यांनी आरसे इतके चमकवले की गल्लीतल्या बायका येता-जाता टिकली नीट करायच्या.

गाडी जुनी. मागं छोटा हौदा, पुढं दोन ओळींच्या सीटा. पहिला मालक रस्त्याचा कंत्राटदार होता, त्याला साहेबासारखं फिरायचं होतं, म्हणून तिच्यात एसी होता. बाबांनी गाडी घेतल्यापासून एसीच्या बटणाला हात लावला नव्हता. हवा यायच्या जाळीत ते उदबत्ती खोचायचे. एका लहान कारखान्यातून दुचाकीच्या सीटांचा फोम भरायचा, वाळूजच्या मोठ्या कारखान्यात उतरवायचा, दिवसाला दोन खेपा. फोम हलका असतो. गाडीला भार नाही, माणसाला मात्र दुपार काढावी लागते.

एसी दुरुस्त करायचं काम माझ्यावर आलं, कारण मी संघटनेत आहे. म्हणजे पत्रकं लिहिते, वाटते, गेटवर घोषणा देते. घरच्या भाषेत याला मोकळी असणं म्हणतात.

मी मोबाइलवर तारे मोजून दुकान निवडलं. पावणेपाच तारे होते. बाबा म्हणाले, "खुलताबादला एक चाचा हाय, जुन्या गाड्यांचं वायरिंग, एसी समदं करतो." मी विचारलं, त्याला तारे किती? बाबा म्हणाले, "त्याला बोर्ड बी नाय." मी हसले. पत्रकात मी लहान कारागिरांच्या बाजूनं लिहिते, पण स्वतःचं काम असलं की तारे बघते. हे माझ्यासारख्या बऱ्याच जणांचं आहे, फक्त ते कबूल करत नाहीत.

पावणेपाच ताऱ्यांच्या माणसानं बॉनेट उघडलं, नळीला मीटर लावलं आणि म्हणाला, "गॅस संपला ताई. भरून देतो."

आता हे समजून घ्या. एसीचा गॅस डिझेलसारखा जळत नाही. तो बंद नळ्यांमध्ये गोल गोल फिरतो, दहा वर्षं फिरला तरी तेवढाच राहायला पाहिजे. झाकण लावलेल्या डब्यातलं तूप कमी होत असेल तर एक तर घरात कुणी खातंय, नाही तर डबा फुटलाय. हे मला आदल्या रात्री वाचून कळलं होतं, आणि वाचलेलं लगेच बोलून दाखवायची मला सवय आहे.

"संपला म्हणजे गेला कुठं?" मी विचारलं. "गळती शोधा ना आधी."

"जुन्या गाडीत असतंच ताई थोडंफार."

"थोडंफार काय?"

"आता आपल्या बी अंगातून घाम जातोच की."

बाबा हसले. मला हसू आलं नाही. या शहरात एसीच्या दुकानांकडं एकच औषध आहे. ताप असो, खोकला असो, पाय मोडलेला असो, गॅस भरा. गिऱ्हाईक गार हवा तोंडावर घेतं, खूश होऊन जातं, आणि पुढच्या उन्हाळ्यात परत येतं. गळती शोधली तर पुढच्या वर्षीचं गिऱ्हाईक जातं. मी हे सगळं त्याला सांगितलं. तो तोपर्यंत गॅस भरून मोकळा झाला होता आणि मला म्हणत होता, जाताना पाच तारे द्या.

आठ दिवस केबिन गार राहिली. आईनं सकाळच्या खेपेपुरती किल्ली दिली. नवव्या दिवशी जाळीतून लोहाराच्या भात्यासारखी हवा आली. परत गेलो तर तो म्हणाला, "ताई, उन्हाळाच यंदा कडक आहे." मार्च होता.

दुसरं दुकान काचेच्या दाराचं. आत इतकी थंडी की बाबांनी उपरणं कानाला गुंडाळलं. तिथल्या माणसानं बॉनेट उघडलं, मोबाइलवर फोटो काढला, फोटो मोठा करून बघितला आणि जाहीर केलं, "कॉम्प्रेसर गेला." समोर गाडी उभी असताना तिचा फोटो बघून निदान करणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. मी विचारत होते आणि तो उत्तरं बाबांना देत होता.

"काका, यांना सांगा, अख्खा संच बदलावा लागेल."

"मी इथंच उभी आहे," मी म्हणाले. "मला सांगा."

"काका, खरं सांगू? या गाडीत एसी पाहिजे कशाला? पिकअपवाले सगळे काचा खाली करून चालवतात की."

"मग तुमच्या दुकानाचं दार उघडं टाका की," मी म्हणाले. "सगळे दुकानदार तसंच बसतात."

तो माणूस छान हसला. ज्यांच्या अंगावर कधी ऊन येत नाही ती माणसं फार छान हसतात. आम्ही बाहेर पडलो तर बाबा म्हणाले, "तू कुठं बी गेलीस की सभाच घेतीस." आणि मग, पुढं बघत, हळूच, "चाचाकडं जायचं का?"

आईनं किल्ली दिली ती अटीवर. नवाच्या आत पोचायचं आणि ऊन उतरल्याशिवाय निघायचं नाही. आम्ही सातला घाट चढत होतो. काचा खाली, थंड वारा, बाबा गाणं गुणगुणत होते. महिन्याभरात मी त्यांना इतकं सरळ बसलेलं पाहिलं नव्हतं. किल्ली काढून घेतल्यापासून ते घरात असे बसायचे, जसं पाहुण्याच्या घरी बसतात.

चाचांचं दुकान म्हणजे वेशीबाहेर कडुलिंबाच्या झाडाखाली एक पत्रा आणि एक लोखंडी पेटी. पांढरी दाढी, चष्म्याची एक दांडी वायरनं बांधलेली. त्यांनी अर्धा तास एकाही हत्याराला हात लावला नाही. गाडी चालू ठेवायला सांगितली, एसीचं बटण दाबायला लावलं आणि स्वतः प्लास्टिकचं क्रेट पालथं घालून गाडीच्या नाकासमोर बसले. मला वाटलं, म्हातारा डुलकी घेतोय.

"बेटा, इधर आओ. ये दो नळ्या पकडो. एक गरम लगना, एक ठंडी."

मी धरल्या. "दोन्ही सारख्याच लागतात."

"हौ. मतलब गॅस फिरतच नाय. आता ऐका. बटण दाबलं की कॉम्प्रेसर टक करतो. ऐकू आला टक?"

"नाही."

त्यांनी एक वायर काढली आणि दुसऱ्या वायरला क्षणभर टेकवली. टक आवाज आला आणि पुढची चकती गरगरायला लागली.

"ये तो जिंदा है," चाचा म्हणाले. "किसने बोला मर गया?"

मी काचेच्या दुकानाचं सांगितलं, आणि बाबांना ऊन लागल्याचंही. चाचांनी शिवी दिली नाही, फक्त चष्मा काढून पुसला. गॅस कमी असला की कॉम्प्रेसर आपोआप बंद राहतो, जळू नये म्हणून. ती त्याची अक्कल आहे. दुकानदारानं त्या अकलेला मरण म्हटलं होतं.

मग ते नळीवरून बोट फिरवत गेले. बॅटरीच्या मागं नळी एका पट्टीनं धरलेली होती, तिथं बोट थांबलं. बाहेर काढलं तर काळं, चिकट.

"गॅस अकेला नहीं जाता बेटा. तेल साथ लेके जाता. तेलाला धूळ चिकटते. जिथं काळं, तिथं भोक." पट्टीतलं रबर झिजून गेलं होतं आणि लोखंड वर्षानुवर्षं नळीला घासत होतं. साबणाचा फेस लावला तर बारीक बुडबुडा आला, तान्ह्या पोराच्या ओठावर येतो तेवढा. त्या बुडबुड्यासाठी एका माणसानं गॅस भरला होता आणि दुसरा अख्खा संच बदलायला निघाला होता.

एवढ्यावर काम संपायला हरकत नव्हती. पण चाचा परत क्रेटवर बसले. त्यांनी पुढच्या जाळीत काडी घालून पंख्याचं पातं ढकललं. पातं हललं नाही.

"हा पंखा कधीचा बंद हाय?"

बाबांना माहीत नव्हतं.

"चलती गाडी में हवा अपने आप लगती जाळीला. उभ्या गाडीत हा पंखा हवा मारतो. हा बंद, म्हणजे गॅस भरला तरी उभ्या गाडीत एसी गरमच." ते बाबांकडं वळले. "भाई, तुमकू ऊन लगा कब? चलते में कि खड़े में?"

बाबांनी माझ्याकडं बघितलं. मग चाचांकडं. "चलते में."

"चलते में इतना नहीं लगता जी. खिडकी से हवा आती. खरं सांगा, मला त्या हिशोबानं दुरुस्ती करायची."

बाबा तंबाखूची डबी उघडायला लागले, उघडून परत बंद केली.

"खड़े में," ते म्हणाले.

"इंजन चालू था?"

"नाय. बंद. गेटवरच्या रांगेत बंदच ठेवावं लागतं."

चाचांनी हातातलं फडकं पेटीवर टाकलं. "तो फिर मैं क्या बना रहा हूँ? इंजन बंद तो एसी बंद. सोन्याचा एसी लावला तरी काय उपयोग?"

डॉक्टरांनी हा प्रश्न विचारला नव्हता. दोन दुकानांनी विचारला नव्हता. आणि मी, उष्माघातावर पत्रक लिहिलेली, पाणपोई मागणारी, शेतमजूर बायकांच्या कामाच्या वेळांवर भाषण ठोकणारी, मी माझ्या बापाला विचारलं नव्हतं की नेमके कुठं पडलात.

पण त्याहून वाईट गोष्ट मला त्या झाडाखाली बसल्यावर एक-दोन मिनिटांनी आठवली. मी बाबांना विचारलं, "कुठल्या गेटवर?"

त्यांनी गेट सांगितलं. ते आमचं गेट होतं.

तीन वर्षांपूर्वी त्या कारखान्याच्या गेटसमोर मालगाड्यांच्या रांगेची इंजिनं दिवसभर सुरू असायची. रस्त्यापलीकडं कामगारांच्या पत्र्याच्या खोल्या, त्यांत सगळा धूर जायचा. धूर खोटा नव्हता. एका खोलीतली बाळंतीण ओल्या साडीनं दार झाकून बसायची, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी पत्रक लिहिलं. सहा मागण्या होत्या. चौथी, रांगेतल्या गाड्यांची इंजिनं बंद ठेवावीत. पाचवी, ड्रायव्हरांसाठी छप्पर आणि पाणी करावं. कारखान्यानं चौथी मागणी आठवड्यात मान्य केली. का नाही करणार? एक हिरवा बोर्ड लागला, त्यावर पानाचं चित्र, 'पर्यावरण रक्षणासाठी वाहनाचे इंजिन बंद ठेवा.' पाचवी मागणी विचाराधीन होती. आम्ही पेढे वाटले. मी दुसरं पत्रक लिहिलं, मथळ्यात 'विजय' हा शब्द होता, तीन उद्गारचिन्हं होती. पाचव्या मागणीचं काय झालं हे विचारायला मी परत गेले नाही. दुसरं गेट होतं, दुसरं पत्रक होतं.

त्यानंतरचे तीन उन्हाळे माझे बाबा त्या रांगेत, बिनसावलीत, बंद इंजिनाच्या डब्यात बसत होते. माझ्या विजयात.

"मला सांगितलं का नाही?"

"तवा किती खूश हुतीस तू. पेढा मला बी दिलतास."

"बाकीचे ड्रायव्हर काय म्हणतात?"

"शिव्या देत्यात."

"मला?"

"पत्रकवाल्यांला. तुझं नाव कुठं असतं त्यावर?"

चाचा मध्ये पडले. "लडो मत. पंखा मैं बनाता. नळी बी बनाता. गेट मेरे से नहीं बनता."

दिवसभर ते काम करत होते. पंख्याची जाम मोटर खोलून साफ केली, तिच्यातले झिजलेले कार्बन बदलले. नळीचं भोक झाळलं. पट्टीखाली जुन्या ट्यूबचा तुकडा घातला, म्हणजे परत घासणार नाही. मग परत फेस, बुडबुडा नाही. मग नळ्यांतली हवा काढली आणि गॅस भरला, एकदाच. चार वाजता गाडी उन्हात उभी करून, इंजिन चालू ठेवून, त्यांनी मला आत बसवलं आणि स्वतः बाहेर उभे राहून काचेवर बोटानं विचारलं, कसं? मी ओढणी अंगाभोवती ओढून घेतली इतकी थंडी होती. मला लाज वाटत होती, पण थंडी होती.

घरी येऊन आईला मी सगळं सांगितलं. गेटचं, बोर्डाचं, माझ्या पत्रकाचं. आई चपात्या लाटत होती. बाबांना म्हणाली, "वरीसभर खोटं बोलले."

"अगं, पोरीला वाईट वाटलं असतं."

"आन् मला पांढऱ्या कपाळाचं बरं वाटलं असतं व्हय?" चपाती तव्यावर टाकून ती म्हणाली, "उद्या दुपारच्या खेपेला मी येते. मी बघते, मग ठरवते."

दुसऱ्या दिवशी शाळा आटोपून आई पुढच्या सीटवर बसली, मी मागं. हौद्यात फोम. आईनं मनगट जाळीसमोर धरलं ते वाळूज येईपर्यंत काढलं नाही, ताप बघतात तसं. बाहेर डांबर पाघळत होतं. दुचाकीवाल्यांनी तोंडाला असे रुमाल बांधले होते की फक्त डोळे दिसत होते. आई एकदाच बोलली, "गार हाय." बाबांनी असं तोंड केलं जसं गाडी त्यांनीच जन्माला घातली.

गेटवर आठ-दहा गाड्या होत्या. आम्ही मागं लागलो. हिरवा बोर्ड उन्हानं पांढुरका पडला होता, पान मात्र अजून हिरवं होतं. गेटवरचा राखणदार काठी आपटत आला. "काका, इंजिन बंद करा."

बाबांचा हात आपोआप किल्लीकडं गेला. तीन वर्षांची सवय.

"हात काढा," आई म्हणाली.

"मावशी, बोर्ड वाचा."

"मला वाचता येतं. ह्या बाईनंच लावायला लावलाय तो." तिनं अंगठ्यानं मागं, माझ्याकडं दाखवलं.

राखणदारानं वाकून माझ्याकडं बघितलं. मी काच खाली केली आणि बोलायला लागले. मागणी दुहेरी होती, अर्धीच मान्य झाली, छप्पर राहिलं, कायदा काय म्हणतो, वगैरे. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, ते मला सांगून काय उपयोग? मी सोता पत्र्याच्या डब्यात बारा तास उभा आसतो. तुमच्या पत्रकात आमचं काय हाय का?"

नव्हतं. सहा मागण्यांत राखणदार नव्हता.

त्यानं आत फोन लावला. पाच मिनिटांनी एक अधिकारी आला. इस्त्रीच्या शर्टाला घामाचा एक डाग नाही, म्हणजे एका थंड खोलीतून निघून दुसऱ्या थंड खोलीत जायच्या मध्ये तो आमच्याकडं आला होता.

"नियम सगळ्यांना सारखा," तो म्हणाला. "एक तर इंजिन बंद करा, नाही तर गाडी रांगेतून काढा." आणि मला ओळखून, अगदी गोड आवाजात, "तुमच्याच लोकांचा आग्रह होता ना मॅडम?"

मी काच वर केली.

बाबांनी आईकडं बघितलं. आई समोर बघत होती. त्यांनी गिअर मागं टाकला, हॉर्न दिला आणि गाडी रांगेतून बाहेर काढली. रस्ता ओलांडून, खोल्यांपासून लांब, करंजाच्या झाडाखाली लावली. इंजिन चालूच. काच चार बोटं खाली करून ओरडले, "नंबर आला की हात करा."

"नंबर जाईल तुमचा," अधिकारी म्हणाला.

"जाऊ द्या."

वीस वर्षांत बाबा कुठल्या साहेबाला 'जाऊ द्या' म्हणाल्याचं मला आठवत नाही. रांगेतल्या ड्रायव्हरांनी शिट्ट्या मारल्या. "काय तात्या, वैनीला घेऊन महाबळेश्वरला निघाला का?" एकजण ओरडला. बाबांनी उत्तर दिलं, "आरं, मेंढरं बी बाराच्या उन्हात सावलीला बसवत्यात. माझा बाप बसवायचा. आपण मेंढरापेक्षा बी गेलो का?"

थोड्या वेळानं तो ओरडणाराच रस्ता ओलांडून आला, मागचं दार उघडून माझ्याशेजारी बसला, चपला काढल्या आणि डोळे मिटले. त्याच्या शर्टावर मिठाचे पांढरे नकाशे होते. मग दुसरा आला.

"दार लावा बाबा पटकन," आई म्हणाली, "गार जातंय समदं."

"वैनी, पुढच्या वेळेला चहा बी ठेवा."

"ठेवते की. साखर तुमच्या साहेबाकडनं आणा."

पहिला डोळे मिटूनच म्हणाला, "ते पत्रकवाले एकदा गावले पाहिजेत." बाबांनी आरशातून माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "गावल्यात. मी लिहिलं होतं ते." त्यानं डोळे उघडले, मला वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि परत मिटले. "मग सरकून बसा जरा," तो म्हणाला. एवढीच शिक्षा.

वीसेक मिनिटं गेली असतील. राखणदार पळत आला, काठी विसरून. "काका, चला, चला. आत फोम संपलाय. साहेब म्हणले रांग सोडून घ्या."

हा तोच साहेब. पर्यावरणाचा नियम, सगळ्यांना सारखा नियम, आतली लाईन थांबायची वेळ आली की वीस मिनिटांत विरघळतो. माणूस थांबला, पडला, मेला, तर बोर्ड जागेवर राहतो. फोम थांबला की बोर्ड वाकतो. तीन वर्षं मी कारखान्याच्या माणुसकीला पत्रकं लिहीत होते. फोमला लिहायला पाहिजे होती.

बाबांनी गाडी हलवली नाही. "ह्या दोघांच्या गाड्या माझ्या पुढं हुत्या," ते म्हणाले. "आधी त्यांना आत घ्या. मग मी."

"काका, साहेब वैतागलेत."

"वैतागू द्या. मी गारव्यात बसलोय."

राखणदार परत पळाला. दोघे ड्रायव्हर चपला घालून उतरले, पळत आपापल्या गाड्यांकडं गेले, आत गेले. मग बाबा आत गेले. अधिकारी दिसला नाही. तो दुसऱ्या थंड खोलीत पोचला असणार.

परतीच्या वाटेवर आई म्हणाली, "गाडी गार हाय. चालवा. पण त्या रांगेत बसायचं नाय. झाडाखाली. इंजिन बंद करा म्हणले की माल घेऊन माघारी यायचं."

"व्हय."

"नुसतं व्हय नको. डॉक्टरला बी व्हयच म्हणले हुते."

"न्हाई बंद करत. आईशपथ."

"कुणाच्या आईची? त्या वारल्या. माझी शपथ घ्या."

त्यांनी घेतली, एक हात स्टिअरिंगवर ठेवून.

आता मे आहे. करंजाच्या सावलीत तीन गाड्या मावतात, चौथीचं नाक उन्हात राहतं. ज्यांच्या गाडीला एसी नाही ते बाबांच्या केबिनमध्ये पाळीपाळीनं बसतात. धूर आता पत्र्याच्या खोल्यांकडं जात नाही, पण कुठं तरी जातोच, हे मी विसरलेले नाही. कारखान्यानं झाडाखाली 'वाहने उभी करू नयेत' असा नवा बोर्ड लावलाय. बोर्ड लावायला त्यांना कधीच उशीर लागत नाही. छप्पर अजून नाही.

परवा मी नवीन पत्रक लिहून त्या केबिनमध्ये बाबांना वाचून दाखवलं. त्यात एकच मागणी आहे. गेटवर छप्पर, रांगेतल्या ड्रायव्हरांसाठी आणि राखणदारासाठी.

बाबा सीट मागं टेकवून डोळे मिटून ऐकत होते. "पाण्याचं बी लिही की," ते म्हणाले.

"नाही लिहिणार."

"काहून?"

"माठ आणून ठेवतील, फोटो काढतील आणि छप्पर विचाराधीन ठेवतील."

त्यांनी जरा विचार केला. "मग नको लिहू," म्हणाले, आणि एसीचा पंखा एका खटक्यानं वाढवला. "पाणी आपण आणू घरून."